लेव्हल बघू, पण आधी पीळ काढू

मंडळी, घरात मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणारं यंत्र, आलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘लेव्हल (बुडबुड्याची पातळी) किती बारीक लावू?’ माझं म्हणणं, आधी विचारा की मशीनला पीळ बसलाय का? जमीन कुठल्या बाजूला उतरती आहे याच्याशी स्पिंडलला, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याला, काही देणंघेणं नाही. मुरगाव बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये लेथ असते. जहाज भर समुद्रात डुलत असतं, तरी तिच्यावर शाफ्ट सरळ कातला जातो, कारण बेड, म्हणजे तिचा लांब पाया, पिळलेला नसतो. आपल्याला लेव्हल हवी ती मुख्यतः हा पीळ पकडायला.

पीळ येतो खालून. टेबलावर ठेवायचं लहान मशीन बिडाचं, दिसायला दणकट. पण वाकड्या स्टँडवर चार बोल्टांनी करकचून आवळलं की बेस स्टँडसारखा वाकतो आणि कॉलम, म्हणजे मशीनचा उभा खांब, कलतो. त्यात आपली जुनी घरं! जोत्यात माती भरलेली, वर लाद्या. अशी भरणी पाऊसपाण्यात दबते. तिथे मशीन बसवायचंच असेल तर तेवढ्या लाद्या उचला, माती धुमसून घ्या, सळ्या घालून काँक्रीट ओता. वरच्या लाकडी माडीचं तर नावच काढू नका.

आता लेव्हल. गवंड्याची इथे चालत नाही. मशीनसाठी मिळते तिची एक रेघ म्हणजे मीटरला ०.०२ मिलिमीटर. ती जुनी घेतली असेल तर एका जागी ठेवून वाचा, मग तिथेच उलटी फिरवून वाचा. दोन्ही वेळा बुडबुडा खोलीच्या एकाच बाजूला तेवढाच सरकायला हवा. फरक पडला तर दोष लेव्हलमध्ये. काचेवर बोट ठेवू नका, हाताच्या उबेनेसुद्धा बुडबुडा हलतो.

मशीनचं टेबल, म्हणजे ज्यावर काम बांधतो ते, मधोमध आणा, कारण ते एका टोकाला नेलं की स्वतःच्या वजनानेच झुकतं. आधी तीन पायांवर मशीन लेव्हलला आणा, मग चौथा पाय नुसता टेकेल इतकाच खाली घ्या. पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. स्पिंडलमध्ये डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापयंत्र) बांधा, टोक टेबलाला लावा आणि बोल्ट एकेक करून आवळा. काटा हलला? त्या बोल्टाखाली पोकळी आहे. बोल्ट सोडा, शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला, पुन्हा आवळा.

एवढं झाल्यावरच हेड (स्पिंडल धरणारा भाग) ट्रॅम करायचं, म्हणजे स्पिंडल टेबलाशी काटकोनात आणायचं. डायल २०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात फिरवा. डावी-उजवीकडे ०.१ चा फरक राहिला, तर टेबल पुढे-मागे चालवत ५० च्या कटरने पूर्ण रुंदीएवढं उजवीकडे सरकताना कापाच्या शेजारशेजारच्या दोन पासांमध्ये ०.०२५ ची पायरी पडते. नखाला लागते ती! हा कल हेड फिरवून काढता येतो. पुढे-मागेचा कल मात्र बऱ्याच लहान मशीनांत कॉलमखाली शिम घालूनच जातो. फिलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची, पाती उत्तम. नसली तर बिअरच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ चा असतो, आणि गोव्यात त्याचा तुटवडा नाही. (हशा) फक्त कापल्यावर कडेची कुसळं दगडावर घासून काढा, नाहीतर शिम मोजता एक आणि कॉलम उचलला जातो भलताच.