एबीएसचा दिवा लागला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका

मंडळी, मुंबईत हिंदमात्याच्या साचलेल्या पाण्यातून तुमच्यापैकी कुणी ना कुणी गाडी काढलीच असेल. दोन दिवसांनी एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागतो. फिटर स्कॅनर लावून सांगतो, "साहेब, मागचा डावा सेन्सर गेला." आपण मुकाट पैसे मोजतो. माझा अनुभव असा, की पुष्कळदा सेन्सर धडधाकट असतो.

चाकाबरोबर एक दातेरी लोखंडी कडं फिरतं आणि त्याच्यापासून जेमतेम मिलिमीटरभर लांब सेन्सर बसलेला असतो. जुन्या सेन्सरात एक चुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं, बस. समोर दात, मग खाच, मग दात. त्या चढउतारानं तारेत वीज उपजते. सायकलचा डायनामो आठवा. कड्याला ४८ दाते आणि टायरचा घेर १.९ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला सुमारे ४२० दाते समोरून जातात. गाडीचा वेग सेन्सरला ठाऊकच नसतो. हिशेब करतं ते कंट्रोल युनिट.

आणि तो हिशेब मोठा गमतीचा आहे. कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक मारला तरी साठच्या वेगातली गाडी थांबायला पावणेदोन सेकंदांच्या आसपास लागतात. एखादं चाक त्याच्या दशांश वेळात शून्यावर येऊ पाहतंय, म्हणजे ते घसरतंय! युनिट तेवढ्या चाकावरचा दाब सोडतं, ते फिरू लागलं की पुन्हा वाढवतं. पेडल थरथरतं ते यामुळे. घाबरून पाय काढू नका.

डायनामोची खोड सेन्सरलाही आहे: चाक मंदावलं की वीज क्षीण होते. त्यात मधलं अंतर वाढलं, तर सिग्नलजवळ गाडी रांगत थांबताना युनिटला वाटतं चाक अडकलं, आणि कोरड्या रस्त्यावर पेडल उगाच थरथरतं. अंतर का वाढतं? खारी हवा, सेन्सरच्या बैठकीखाली फुगलेला गंज, ढिलं बेअरिंग. शिवाय डिस्कचा लोखंडी कीस चुंबकाला चिकटतो तो वेगळाच. म्हणून आधी पुसा, कनेक्टर उघडून पाणी बघा, चाक जॅकवर घेऊन हलवून बघा. तोवर साधे ब्रेक लागतात, पण एबीएस नाही असं समजून चालवा. ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मात्र गाडी बाजूला घ्या.

नवे, चुंबकत्व थेट ओळखणारे हॉल सेन्सर वीज बाहेरून घेतात, त्यामुळे चाक जवळजवळ थांबेपर्यंत मोजत राहतात. पुष्कळ गाड्यांत आता दातेच नाहीत. बेअरिंगच्या सीलमध्येच आळीपाळीनं उत्तर-दक्षिण ध्रुव भरलेले असतात. दिसायला साधं काळं रबर. घाईत बेअरिंग उलटं ठोकलं, की सिग्नल बंद आणि दोष बिचाऱ्या सेन्सरवर!

असं एक बेअरिंग टेबलावर ठेवलंय. पुढे या, त्याच्या काळ्या बाजूवर कागद धरा आणि हा कीस भुरभुरवा. पट्टे उमटतील ते मोजा.