तलावाचं पाणी जातं कुठे?

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. पुण्याच्या एका उपनगरातल्या सोसायटीने मला त्यांचा पोहण्याचा तलाव तपासायला बोलावलं. "टाइल्स दोन-चार सुटल्यात, बाकी सगळं ठीक आहे," असं सांगण्यात आलं. मी पंपरूमकडे वळलो तेव्हा वॉचमनमामा जवळ येऊन म्हणाले, "साहेब, रोज रात्री मी तासभर नळ सोडतो. नाही सोडला तर सकाळी पाणी खाली गेलेलं दिसतं."

तेव्हा त्या सोसायटीत पिण्यापुरतं पाणीसुद्धा टँकरने येत होतं. तलाव 15 मीटर लांब, 7 मीटर रुंद. एवढ्या तलावात पाणी 1 सेंटीमीटर उतरलं, की हजार लिटरहून अधिक पाणी गेलं. रोज एवढं गेलं तर महिन्याला 10 हजार लिटरचे तीन टँकर जमिनीत मुरले. मामांच्या नळामुळे ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आपोआप भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर तोही अशीच गळती झाकतो.

मात्र पाणी उतरलं म्हणजे गळतीच असेल असं नाही. भर उन्हाळ्यात उघड्या तलावातून दिवसाला अर्धा ते एक सेंटीमीटर पाणी उन्हावाऱ्याने उडून जातं. उडालेलं किती आणि झिरपलेलं किती, हे एक साधी बादली सांगते. तलावाच्या पायरीवर बादली ठेवा. आत वीट टाका, म्हणजे ती हलणार नाही. बादलीत तलावाचंच पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरा आणि आतून-बाहेरून दोन्ही पातळ्यांवर खूण करा. मग 24 तास नळ बंद, पंप बंद, बॅकवॉश म्हणजे उलट्या पाण्याने फिल्टर धुणं नाही, पोहणं नाही. ऊन-वारा दोघांनाही सारखाच लागतो. तलावातलं पाणी बादलीतल्यापेक्षा जास्त उतरलं, तर तो फरक गळतीचा. दुसऱ्या दिवशी हेच पंप चालू ठेवून करा. पंप चालू असताना फरक वाढला, तर पाणी परत आणणाऱ्या पाइपवर संशय घ्यायचा. तलावात पाणी सोडणाऱ्या तोंडातून सतत बुडबुडे येत असतील, तर पंपाकडे पाणी ओढणारी लाइन कुठेतरी हवा खाते आहे.

आम्ही बादली ठेवली. बादलीत 7 मिलिमीटर उतरलं, तलावात 19. पंप चालू ठेवूनही फरक तेवढाच आला, म्हणजे पाइपपेक्षा तलावाच्या भिंती आणि तिथल्या जोडण्यांकडे बघायला हवं होतं. मग नळ बंदच ठेवून पाणी कुठवर उतरतं ते पाहत राहिलो. तलावाच्या भिंतीतल्या दिव्याच्या खालच्या कडेशी ते थबकलं.

पुढचं काम सुरू करण्याआधी दिव्यांचा मेन स्विच बंद केला. पाण्यातल्या विजेशी कुणीही धाडस करू नये. पाणी पुन्हा दिव्याच्या वर घेतलं आणि ते अगदी शांत झाल्यावर सिरिंजमधून खाण्याचा रंग दिव्याच्या कडेशी हळूच सोडला. रंगाची रेघ सरळ आत ओढली गेली, वायरच्या नळीच्या तोंडापाशी. पाण्यावरचा तरंगता कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरचा सांधा, पायऱ्यांचे कोपरे, टाइल्समधल्या भेगा इथेही असाच रंग सोडून बघता येतं. टाइल्सवर नाण्याने टकटक केलं, की सुटत आलेली टाइल पोकळ आवाज देते.

याच पाहणीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती तळातल्या जाळीची. तिचे दोन स्क्रू नव्हते आणि ती पायाने हलत होती. पंपाची ओढ तिथे असते. लहान मुलीचे केस किंवा मुलाचा हात तिथे अडकू शकतो. जाळी तुटकी दिसली तर तलाव त्याच क्षणी बंद करा. आम्ही तसंच केलं, नवी घट्ट जाळी बसल्यावरच मुलांना आत सोडलं.

कमिटीतले एक गृहस्थ म्हणत होते, "पाऊस सुरू झाला की तलाव रिकामा करून सगळंच नव्याने वॉटरप्रूफिंग करू." मी त्यांना कळकळीने थांबवलं. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि रिकाम्या तलावाला खालून उचलतं. 20 सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटच्या तळाचं वजन चौरस मीटरला साधारण अर्धा टन. तळाच्या खालच्या बाजूपासून अर्धा मीटर पाणी चढलं, की तेवढाच जोर खालून लागतो. भरलेला तलाव आपल्याच पाण्याच्या वजनाने बसून राहतो, रिकाम्याचा तळ फुटू शकतो. काळ्या मातीच्या जागेत धोका आणखी, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तलाव रिकामा करायचाच झाला, तर कोरड्या दिवसांत, आणि आधी शेजारच्या विहिरीची किंवा खड्ड्याची पातळी बघून.

त्या सोसायटीत तोडफोड झालीच नाही. दिवा काढून नळीचं तोंड पाण्याखाली चालणाऱ्या इपॉक्सी पुट्टीने बंद केलं. आठवड्याने पुन्हा बादली ठेवली. बादलीत 8 मिलिमीटर, तलावातही 8. मामांनी त्या रात्री नळ सोडला नाही, आणि सकाळी सहा वाजताच खूण बघायला आले.