कोळशाची दहा मिनिटं

(दृश्य: ठाणे-बेलापूर रस्ता, रबाळे एमआयडीसी, सकाळची पाळी)

रबाळे. या शेडच्या रांगेतच औषधांवर काम करणारी एक छोटी प्रयोगशाळा आहे.

(दृश्य: बर्फात रोवलेल्या नळ्या)

नळ्यांत इस्ट्रोजेन रिसेप्टर आहे. पेशीतलं प्रथिन, ज्याला इस्ट्रोजेन हे संप्रेरक येऊन चिकटतं. स्तनाच्या कितीतरी कर्करोगांची वाढ या जोडीवर चालते. औषधानं ती जागा अडवायची. पण किती घट्ट? इथं अंदाज चालत नाही, आकडा लागतो.

त्यासाठी इस्ट्राडायोलमध्ये, म्हणजे शरीरातल्या मुख्य इस्ट्रोजेनमध्ये, ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचंच किरणोत्सारी रूप, बसवतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत शास्त्रज्ञ एल्वुड जेन्सन यांनी याच युक्तीनं या रिसेप्टरचा माग काढला होता.

(दृश्य: नळीत पडणारं काळं द्रावण)

हा डेक्स्ट्रान, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचा पदार्थ, चढवलेला कोळसा. मोकळं राहिलेलं इस्ट्राडायोल तो ओढून घेतो; प्रथिनाला चिकटलेलं तसंच राहतं. दहा मिनिटं, बस्स. जास्त वेळ ठेवला तर चिकटलेलंही सुटून कोळशात जातं. म्हणून ही मुलगी प्रत्येक नळीत ठरलेल्या सेकंदानंच पिपेट सोडते. हे पुस्तकात वाचून येत नाही, शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

(दृश्य: सेंट्रिफ्यूज, मग काउंटर)

कोळसा तळाला बसला. वरचं पाणी सिंटिलेशन द्रवात. ट्रिटियमचे किरण इतके दुबळे, की हातमोजाही पार करत नाहीत. द्रवात त्यांच्यामुळे जे प्रकाशाचे कण चमकतात, ते काउंटर मोजतो.

शेजारच्या नळीत शंभरपट साधं इस्ट्राडायोल घातलंय. खऱ्या जागा त्यानं भरल्या, तरी काउंटर काहीतरी दाखवतोच. ते इकडंतिकडं चिकटलेलं. तेवढं वजा करायचं, नाहीतर सगळी मेहनत खोटी.

(दृश्य: पडद्यावरचा आलेख)

रेषा चढते, मग सपाट होते. निम्मे रिसेप्टर भरायला लागलेली तीव्रता म्हणजे केडी. तो जितका कमी, तितकी पकड घट्ट. इस्ट्राडायोलसाठी एक नॅनोमोलरच्याही खाली, म्हणजे फारच विरळ. आता टॅमॉक्सिफेन, स्तनाच्या कर्करोगावरचं औषध. ते स्वतः सैलच बसतं. यकृतात त्याचं ४-हायड्रॉक्सिटॅमॉक्सिफेन होतं, ते कितीतरी पट घट्ट. गोळीतलं खरं काम कोण करतं, ते अशा नळ्यांमुळेच कळलं.

रुग्णालयात आता गाठीचा काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली रिसेप्टर बघतात, त्यावरून उपचार ठरतो. पण नवा रेणू आला की आधी विचारतात, केडी किती? तो मोजणारी मुलं हवी असतील, तर ठाणे-नवी मुंबईच्या एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना या टेबलाशी उभं राहायला मिळालं पाहिजे.