पिंग दिसतो, पैसा दिसत नाही

डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयात पालक आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिला होता 'ऑनलाइन गेम : शाप की वरदान'. शाळेत या नमुन्याचे इतके निबंध लिहून झालेत की आता हात जोडतो. मी स्वतः गेम खेळतो, बंद पडलेले राउटर उघडून बघतो, वाड्यावरच्या लोकांचं वायफाय लावून देतो. तेव्हा आज वकिली नाही आणि फिर्यादही नाही. गेम आपल्याला कुठला आकडा दाखवतो आणि कुठला झाकून ठेवतो, तेवढंच बघू.

मागे बसलेल्या मुलांनो, स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत काय असतं? बरोबर, पिंग. पालकांसाठी सांगतो : आपल्या फोनमधून निघालेला संदेश गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो, तो पिंग. मिलिसेकंदांत मोजतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. पणजी ते मुंबई सरळ रेषेत ४०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. सर्व्हर सिंगापूरला असला तर अंतर साडेतीन हजारांच्या वर, आणि नुसत्या प्रकाशालाच ३५ मिलिसेकंद हवेत. केबल काही सरळ रेषेत जात नाही, वाटेत यंत्रं असतात, त्यामुळे खरा आकडा याहून मोठाच. पण या मर्यादेच्या खाली तो जगातल्या कुठल्याही प्लॅनने येणार नाही. '३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, गेम कसा पळतो बघा' असं कोणी म्हणालं तर त्याला नमस्कार करून पुढे चला. एका सेकंदात किती माल येतो हा एक प्रश्न, पहिला कण कधी पोचतो हा दुसरा. गेमला माल फारच थोडा लागतो.

आता चतुर्थी आठवा. मुंबई-पुण्याची मंडळी घरी आलेली, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली फोटो काढून झालेले, आणि पडवीत बसलेला मुलगा ओरडतो, 'लॅग, लॅग!' घरचे म्हणतात, नेट स्लो झालं. होतं असं की घरातले सगळे फोन एकाच वेळी फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागतात. अपलोडची वाट भरते, राउटर जादा डेटा रांगेत उभा करतो, आणि गेमचं इवलंसं पाकीट त्या रांगेच्या शेपटाला लागतं. फेरीबोटीच्या धक्क्यावर पुढे पाच टेम्पो उभे असले की स्कूटरवाल्याचं जे होतं, तेच. ३०चा पिंग ४००वर जाऊ शकतो. उपायाला पैसे पडत नाहीत. सणाच्या दिवसांत फोटोंचा बॅकअप वायफायवर आपोआप होऊ देऊ नका, रात्री सगळे झोपल्यावर करा. राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस, म्हणजे कुठल्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय, असेल तर अपलोडला थोडा लगाम घाला.

दुसरा अडथळा आपल्या घराचाच. चिऱ्याच्या जाड भिंती, त्यात पावसाळ्यात त्या पाणी पिऊन बसतात. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय अशा दोन भिंती ओलांडेपर्यंत थकतं. २.४ गिगाहर्ट्झचं थोडं पुढे जातं, पण तिथे शेजारपाजाऱ्यांची गर्दी. राउटर बहुतेक घरांत जिथून केबल आत येते त्याच कोपऱ्यात टांगलेला असतो, का तर केबलवाल्याला तिथे खिळा सापडला म्हणून. वायफाय पुढच्या खोलीत पोचवणारा महागडा रिपीटर आणण्याआधी एक लांब लॅन केबल वाशाला क्लिपा मारून आतल्या खोलीपर्यंत ओढून बघा.

आणखी एक, कारण हे मला फार आवडतं. 'मी भिंतीआड पोचलो होतो तरी गोळी लागली, तो हॅकर आहे' ही तक्रार प्रत्येक पोराची असते. बऱ्याच शूटर गेममध्ये सर्व्हर काळ किंचित मागे नेतो आणि गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं ते तपासतो. तुझ्या पडद्यावर तू भिंतीआड होतास, त्याच्या पडद्यावर अजून बाहेर. दोघंही खरंच बोलताहेत. दोन सत्यांचा निवाडा डोळ्याचं पातं लवायच्या आत करायचा, तोही शंभर जणांसाठी एकदम! ज्यांनी हे रचलं त्यांना माझा मनापासून सलाम.

हीच हुशार माणसं रुपयाकडे वळली की मात्र हिशेब मुद्दाम धूसर होतो. गेममधल्या पोशाखाला रुपये चालत नाहीत. आधी गेमची स्वतःची नाणी घ्या : कुठे यूसी, कुठे डायमंड, कुठे जेम. समजा पोशाख ६०० नाण्यांचा आहे. नाण्यांचं पुडकं ५००चं मिळतं नाही तर १०००चं. उरलेली ४०० नाणी पुढच्या खरेदीसाठी खुणावत राहतात. पिंग मिलिसेकंदापर्यंत दाखवणाऱ्या पडद्यावर 'आजवर तुम्ही इतके रुपये घातलेत' असा आकडा मला कुठे दिसलेला नाही. युरोपीय संघातल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी २०२५च्या मार्चमध्ये गेम कंपन्यांना सांगितलं, किंमत खऱ्या चलनात स्पष्ट लिहा. आत काय निघेल ते न सांगता विकल्या जाणाऱ्या पेट्यांना बेल्जियमने २०१८मध्येच जुगार ठरवलं. अमेरिकेत फोर्टनाइटच्या कंपनीला, एपिक गेम्सला, नकळत खरेदी घडवणाऱ्या बटणांपायी २४.५ कोटी डॉलर ग्राहकांच्या परताव्यासाठी भरावे लागले. ते प्रकरण २०२२चं.

आपल्याकडे संसदेने २०२५च्या ऑगस्टमध्ये कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्टला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेमना, मात्र मान्यता. मला हे पटलं, विशेषतः गोव्यात राहून. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर गोंयकाराला २०२०पासून प्रवेशबंदी आहे, आणि इतकी वर्षं तोच गोंयकार बाल्कनीत बसून फोनवर रमीचे डाव लावत होता. बोटीवर निदान दारात कोणीतरी ओळखपत्र बघतं. पण पेट्या आणि पोशाख विकणारे गेम चालूच आहेत, तिथे घरातल्यांनाच डोळे उघडे ठेवायला हवेत.

ही लपवालपवी गेमपुरती नाही. तिकीट काढताना विम्याची खूण आधीच केलेली असते. 'एक महिना फुकट' घेतलेलं ॲप बंद करायचं बटण सात पडद्यांमागे असतं. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ला अशा १३ क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. यादी वाचा, मजा येते. प्रत्येक कलमाला 'अरे, हे तर माझ्या फोनमध्ये आहे' असं होतं.

मगाशी एका ताईंनी विचारलं, मुलाला किती तास खेळू द्यावं? दक्षिण कोरियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत गेम बंद केले होते, २०११पासून. २०२२ उजाडताना तो कायदा काढून टाकला. जागतिक आरोग्य संघटनेनेही गेमिंगचा विकार ठरवताना तासांची संख्या दिलेली नाही. ताबा सुटतो का, बाकी सगळं मागे पडतं का, नुकसान दिसत असून खेळ चालूच राहतो का, आणि हे साधारण वर्षभर टिकतं का, ते बघतात. माझं उत्तर फार घरगुती आहे, ताई. पानं वाढून झाल्यावर हाक मारू नका. हे गेम मध्येच थांबवता येत नाहीत, चौघांची टीम असते, आणि एक मॅच अर्ध्या तासापर्यंत जाते. मॅच सुरू होण्याआधी सांगा, 'ही शेवटची.' निम्मी भांडणं तिथेच मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा आणि तो मुलाच्या वाढदिवसाची तारीख ठेवू नका.

यूपीआयमधली ऑटोपेची यादी कुठे असते ते ज्यांना माहीत नाही, त्यांनी फोन घेऊन पुढे या. कोणाकोणाचे पैसे दर महिन्याला कुठे जाताहेत ते इथेच बघू.