तोट्याची हमी की नफ्याची मोकळीक?

मंडळी, सरकारी व्हेंचर कॅपिटलचा, म्हणजे नव्या, जोखमीच्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे घालण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो, सरकारनं किती पैसे घातले? मी आधी करार उघडतो आणि त्यात एकच गोष्ट शोधतो. कंपनी बुडाली तर पैसे कोणाचे जाणार, आणि चालली तर उखळ कोणाचं पांढरं होणार?

या धंद्याचं गणित मुळातच विचित्र आहे. दहा कंपन्यांत पैसे घातले तर बऱ्याचशा बुडतात किंवा रखडतात, आणि एखादीच अशी निघते की बाकीच्यांचं सगळं भरून काढते. तो एखादा अपवादच इथं धंद्याचा कणा असतो. जॉर्ज डोरिओ यांच्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट या खासगी कंपनीनं १९५७ साली डिजिटल इक्विपमेंट या नव्या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर घातले. दीड दशकाच्या आत त्या हिश्शाची किंमत ३५ कोटी डॉलरच्या वर गेली. ही एक गुंतवणूक वगळली, तर त्या कंपनीची बाकीची कमाई बेताचीच दिसते.

आता हे डोक्यात ठेवून १९७५ च्या पश्चिम जर्मनीकडे बघा. तिथं बँकांनी एकत्र येऊन साहसवित्त, म्हणजे व्हेंचर कॅपिटलच, देणारी एक कंपनी काढली, आणि सरकारनं तोट्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत हमी दिली. ऐकायला किती छान! पण त्याच करारात असंही होतं की उद्योजकाला वाटलं तर त्यानं गुंतवणूकदाराचा हिस्सा मूळ किंमत अधिक माफक व्याज देऊन परत विकत घ्यावा. म्हणजे झालं काय? जी कंपनी चालली, ती हातची गेली. जी चालली नाही, ती गळ्यात पडली. प्रयोग फसला, यात मला तरी नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं की तो आखताना कुणी कागद-पेन्सिल घेऊन एकदा बेरीज करून पाहिली नाही.

इस्रायलनंही सुरुवात याच वाटेनं केली होती. १९९२ साली इन्बाल नावाची योजना आली. नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या, शेअर बाजारात नोंदलेल्या फंडांना ७० टक्क्यांची सरकारी हमी. तोटा झाकलेला, त्यामुळे चांगली कंपनी निवडण्याची, तिच्या मागं उभं राहण्याची घाई कुणालाच नाही. वर कागदपत्रांचा जाच. ती योजना रुजली नाही.

दुसऱ्याच वर्षी योझ्मा ही नवी योजना आली. सरकारचे १० कोटी डॉलर. त्यातले बहुतेक दहा खासगी फंडांत, प्रत्येकी सुमारे ८० लाख. अट अशी की सोबत मुरलेला परदेशी गुंतवणूकदार आणि स्थानिक वित्तसंस्था हवी. तोट्याची हमी नाही. मात्र पाच वर्षांच्या आत फंडानं सरकारचा हिस्सा मूळ किंमत आणि व्याज देऊन घेऊन टाकायचा पर्याय होता. ओळखीचं वाटतं ना हे कलम? जर्मनीतलंच आहे. फक्त तिथं ते गुंतवणूकदाराच्या विरुद्ध चालत होतं, इथं त्याच्या बाजूनं. दहापैकी आठ फंडांनी तो पर्याय वापरला.

सगळं श्रेय त्या कलमाला देऊ नका, असं मी स्वतःलाच बजावतो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर आलेले हजारो शास्त्रज्ञ आणि अभियंते, लष्करातून बाहेर पडलेलं तंत्रज्ञान, नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजाराची तेजी, हे सगळं त्याच वर्षांत जुळून आलं होतं.

अमेरिकेची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९५८ च्या कायद्याखाली छोट्या उद्योगांत गुंतवणूक करणाऱ्या खासगी कंपन्यांना सरकारनं स्वस्त कर्ज दिलं. कर्ज म्हटलं की व्याज आलं, आणि व्याजासाठी हप्ते देऊ शकणाऱ्याच कंपन्या बघाव्या लागतात. पाच वर्षं एक पैसा न कमावणाऱ्या कंपनीला तिथं कोण विचारणार?

मग सरकारी माणसानं स्वतः कंपन्या निवडल्या तर? ब्रँडर, दू आणि हेलमन या अभ्यासकांनी २०१५ साली २५ देशांतल्या कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या कंपन्यांत सरकारी आणि खासगी असे दोन्ही पैसे होते, त्यांना एकूण भांडवलही जास्त मिळालं आणि गुंतवणूकदारांना यशस्वीपणे बाहेरही (म्हणजे हिस्सा चांगल्या तऱ्हेनं विकून मोकळं) जास्त वेळा पडता आलं. नुसत्या सरकारी पैशाला ते साधलं नाही.

योझ्मावर एक आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो: जनतेच्या पैशावरचा नफा सरकारनं स्वस्तात सोडून दिला. आक्षेप खोटा नाही. संसदेत त्याचं उत्तर देणं कुठल्याही मंत्र्याला जड जाईल, कारण सोडलेला नफा हिशेबाच्या वहीत दिसतो आणि त्यामुळे आलेले पुढचे गुंतवणूकदार तिथं दिसत नाहीत. इस्रायलनं तरी तो सोडला, आणि १९९७ साली योझ्मा खासगी करून स्वतः बाजूला झालं.