उसावरचे तणनाशक विहिरीत उतरते का?

नमस्कार. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि त्यानंतर चार-पाच दिवसांत, तण उगवण्यापूर्वी, अनेक रानांत ॲट्राझीन हे तणनाशक फवारले जाते. म्हणजे औषध जमिनीवर पडते ते नेमके ऐन पावसाळ्यात. म्हणून कोल्हापूरच्या विहिरींचा विचार मी या वेळापत्रकापासून सुरू करतो.

एखादे रसायन खाली झिरपेल का, याचा पहिला अंदाज दोन आकड्यांवरून येतो: जमिनीत ते निम्मे होण्यास लागणारे दिवस आणि सेंद्रिय कर्बाला चिकटून राहण्याचा गुणांक. या दोन आकड्यांना जोडणारे सूत्र गुस्टाफसन यांनी १९८९ मध्ये मांडले. गुणांकाचा लॉगॅरिदम चारमधून वजा करायचा आणि उरलेल्या संख्येला दिवसांच्या लॉगॅरिदमने गुणायचे. ॲट्राझीनसाठी ६० दिवस आणि १०० हा गुणांक धरला, तर १.७८ गुणिले २, म्हणजे ३.५६ येतात. २.८ च्या वरचे रसायन झिरपणारे, १.८ च्या खालचे न झिरपणारे. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक मातीला घट्ट धरून राहते. त्याचा अंक अर्ध्याच्याही खाली येतो.

मात्र या सूत्रात पाऊसही नाही आणि जमीनही नाही. गगनबावड्याच्या तांबड्या मातीवरचा धो-धो पाऊस आणि शिरोळच्या काळ्या रानातला बेताचा पाऊस त्याला सारखाच. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते, म्हणून ती सुरक्षित मानण्याचा मोह होतो. पण खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, फवारणी झाल्यावर भेगाळलेल्या रानात वळीव कोसळला, तर पाणी मातीच्या थरांना जवळजवळ न शिवता थेट मुरमापर्यंत जाते. तिथे सेंद्रिय कर्ब नगण्य आणि जिवाणू थोडे असल्यामुळे वर ६० दिवसांत निम्मे होणारे रसायन खाली कितीतरी जास्त काळ टिकते, आणि त्याखालच्या काळ्या पाषाणाच्या सांध्यांतून विहिरीकडे सरकते.

त्यामुळे शेवटी पाणीच तपासावे लागते. पिण्याच्या पाण्यात ॲट्राझीनची मर्यादा आपल्या आयएस १०५०० मानकानुसार लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे, तर युरोपात कोणत्याही एका कीडनाशकासाठी (यात तणनाशकेही आली) ०.१. इतक्या अल्प प्रमाणाला ना रंग असतो, ना वास. पाणी उकळूनही ते जात नाही. नमुना फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पुन्हा काही आठवड्यांनी, गडद काचेच्या बाटलीत घ्यावा व बर्फात ठेवून पोहोचवावा. क्षार, कठीणपणा आणि नायट्रेटच्या नेहमीच्या तपासणीत कीडनाशक दिसत नाही, त्यामुळे आपल्या रानात जे फवारले असेल, त्याचे नाव प्रयोगशाळेच्या अर्जावर लिहून द्यावे.