बंबाचा फोटो पंपाच्या बाजूनं

(नागपुरातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या बंबाचं छायाचित्रण: लाल रंग आणि पितळ’. लाल रंगाकडे येतोच. त्याआधी एक विचारतो. जुन्या बंबाचा, म्हणजे आग विझवायच्या गाडीचा, फोटो कोणी कोणी काढलाय? हात वर करा. वा, बरेच आहेत! आता ज्यांच्या फोटोत पंप आहे, तेवढेच हात वर राहू द्या. (हशा) अरे, फायर कॉलेज १९५७पासून ज्या गावात आहे, तिथं ही गत?

आपल्याकडच्या एका लहान नगरपरिषदेच्या केंद्रात असा बंब उभा आहे. मीही घंटा, हेडलाइट, बॉनेट असं चाललो होतो. तिथले निवृत्त ड्रायव्हर काका शांतपणे बघत होते. मग म्हणाले, “सारेच तोंडाचा फोटू काढतेत जी. आग तं पंपानं इझते ना?” आणि मला पंपाच्या पॅनेलपाशी घेऊन गेले.

तिथं त्यांनी समजावलं ते आपण सगळ्यांनी ऐकावं असं आहे. हा पंप हवा ओढू शकत नाही. विहिरीत सक्शन होज, म्हणजे पाणी ओढायचा पाइप, सोडायचा, प्रायमर चालवून होजमधली हवा काढायची, मग बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हिशेबानं ती मर्यादा दहा मीटरची, प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या पुढं भरवसा नाही. आपल्या भागातल्या विहिरी उन्हाळ्यात किती खाली जातात ते तुम्हाला सांगायला नको. काका हे सांगत होते तेव्हा त्यांचा हात आपोआप व्हॉल्व्हवर गेला. त्या व्हॉल्व्हच्या मुठीवर रंग टिकलेलाच नाही, धातू गुळगुळीत झालाय. मला हवा होता तो फोटो तिथं होता.

आता माझी तक्रार. पॅनेलवरची निर्मात्याची पट्टी २६ जानेवारीच्या रंगरंगोटीत लाल ऑइलपेंटखाली गेलीय. गाडीची जन्मपत्रिकाच पुसली म्हणा! मी टॉर्च पट्टीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकला, तेव्हा रंगाखालची अक्षरं सावलीनं उठून आली. हे सगळ्यांनी करून बघा, खरवडायची गरज नाही.

यात घाई आहे. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षं उलटलेल्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते, त्यात नगरपरिषदांची वाहनंही आली. २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण ती खासगी वापराच्या दुचाकी आणि मोटारींना. बंबाला तिथं जागा नाही. छोट्या, नॅरोगेज रेल्वेला इथं नागपुरात मोतीबागेत २००२ साली संग्रहालय मिळालं, आणि मला त्याचा फार आनंद आहे. बंबाला अजून तसं छप्पर नाही. म्हणून चारही बाजू, पट्ट्या, गेज, चासी क्रमांक, पायरीची झीज, सगळं टिपा. उद्या कुणाला ही गाडी पुन्हा जोडायची असेल तर त्याला तुमच्या फोटोंवरून जोडता आली पाहिजे.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. लाल रंग, भराभर.

कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, हिरव्याला जास्त वजन देतो, म्हणून लाल भरून वाहतो, त्यातले बारकावे जातात, तरी कळत नाही. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप उतरवा, रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर रंगावरची चमक घालवतो, उघड्या पितळेवरची नाही. पितळेसमोर पांढरी चादर धरा. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत काम उरका. आणि जुन्या कृष्णधवल फोटोत बंब काळा दिसला तर तो काळाच होता असं समजू नका. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक जातीच्या फिल्मला लाल दिसतच नसे.

परवानगी नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी मागा. १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो, तेव्हा केंद्रात सहज प्रवेश मिळतो. पण १४ तारखेला सकाळी नको. १९४४ साली मुंबई गोदीच्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांना तेव्हा मानवंदना असते. दुसऱ्या दिवशी जा, आणि छापलेल्या फोटोंचा एक संच केंद्रात देऊन या.